पहारेकऱ्याची हाक

गृहस्थाश्रमातील मनुष्याचा धनाशी असलेला संबंध कसा असावा, याविषयी दोन चुकीचे समज आढळतात. काही लोक धनालाच सर्वस्व मानतात. दुसरे काही लोक परमार्थाच्या नावाखाली धनाकडे दुर्लक्ष करणे हेच वैराग्य समजतात. वस्तुतः शास्त्रकारांनी अर्थाला चार पुरुषार्थांत स्थान दिले आहे, आणि तेही धर्माच्या पाठोपाठ दिले आहे. याचा अर्थ इतकाच की, धन धर्माने मिळवावे, धर्माने राखावे आणि धर्मानेच वेचावे. मिळविण्याविषयी आणि वेचण्याविषयी पुष्कळ सांगितले जाते. मधली जी राखण्याची क्रिया, तिच्याविषयी मात्र विचार थोडा होतो. गृहस्थाच्या पेटीतील पैसा त्याच्या एकट्याचा कधीच नसतो. त्यात वृद्ध मातापित्यांचे औषध असते, मुलांचे शिक्षण असते, अतिथीचे अन्न असते, आणि आपल्या मागे राहणाऱ्या पत्नीच्या निर्वाहाची तजवीज असते. तो त्या सर्वांची ठेव सांभाळणारा विश्वस्त होय. ठेव निष्काळजीपणाने गमावणे हे वैराग्य नव्हे. ते कर्तव्यच्युती होय.

महाभारतातील एक प्रसंग या ठिकाणी ध्यानात घेण्यासारखा आहे. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणांगणात अर्जुनाचे घोडे थकले व बाणांनी घायाळ झाले, तेव्हा साक्षात भगवान श्रीकृष्णांनी ते सोडून त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि पुन्हा रथाला जोडले. ज्याच्या संकल्पमात्रे विश्व चालते, त्याने घोड्यांची निगा क्षुद्र मानली नाही. लहान दिसणाऱ्या गोष्टीची काळजीपूर्वक निगा हाही कर्मयोगच आहे, हे भगवंतांनी आपल्या आचरणाने दाखविले.

अलीकडे गृहस्थाच्या धनाची पेटी घरात राहिलेली नाही; ती बँकेच्या संगणकात गेली आहे आणि तिची किल्ली खिशातील मोबाइलमध्ये आली आहे. त्यामुळे तिच्या राखणीचे स्वरूपही बदलले आहे. हे स्पष्ट होण्यासाठी एक दृष्टांत घेऊ.

नर्मदातीरावरील जबलपूर नगरात एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात, अशी कल्पना करावी. तेथील एका सरकारी कारखान्यात त्यांनी प्रामाणिकपणे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम बँकेत ठेवली. एके दिवशी सकाळी ते नित्याप्रमाणे बाहेर पडतात. औषधांच्या दुकानात पत्नीची औषधे घेतात, पेट्रोल पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरतात, बडा फुहाऱ्याच्या बाजारात किराणा घेतात. प्रत्येक ठिकाणी ते बँकेचे कार्ड देतात. किराणा दुकानात यंत्र पहिल्यांदा अडते, म्हणून दुकानदार तीच रक्कम दुसऱ्यांदा घालतो. घरी पोहोचतात तो मोबाइलवर बँकेचा संदेश येतो. त्याचा आशय असा की, या खात्यावरील काही व्यवहार संशयास्पद वाटल्याने कार्ड तात्पुरते थांबविले आहे. हे व्यवहार आपणच केले काय, ते कळवावे.

औषध, पेट्रोल, डाळ आणि तांदूळ! यात संशय तो काय? त्या गृहस्थाच्या मनात प्रथम भीती येते की, आपले पैसे गेले. हिशेब जुळतो, तेव्हा भीती जाऊन क्रोध येतो. सारे आयुष्य एका पैचाही अपहार केला नाही, त्या मनुष्याला एक यंत्र जाब विचारते! क्रोध ओसरतो तेव्हा एक प्रकारची लाज मागे राहते. आपण म्हातारे झालो, हे जग आता आपले राहिले नाही, असे त्यांना वाटू लागते. एका लहानशा संदेशाने पाऊण तासात मनाला तीन ठिकाणी फिरवून आणले.

येथे प्रथम ही सूचना कशी निघते ते समजून घेतले पाहिजे. कारण अर्धी भीती अज्ञानातून उत्पन्न होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०११ मध्ये सर्व बँकांना असा आदेश दिला की, कार्डाने केलेला प्रत्येक व्यवहार, त्याची रक्कम कितीही लहान असो, ग्राहकाला तत्काळ कळविण्याची व्यवस्था करावी. त्यासाठी त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंतची मुदत दिली होती. हा झाला साधा कळवणीचा संदेश. संशयाची सूचना याहून निराळी असते. मनुष्य रोज कोठे खरेदी करतो, किती रकमेची करतो, कोणत्या वेळी करतो, याची एक चाल बँकेच्या संगणकात उमटलेली असते. त्या चालीशी न जुळणारे काही घडले, उदाहरणार्थ एकच रक्कम लागोपाठ दोनदा गेली, थोड्या वेळात अनेक दुकानांत कार्ड चालले किंवा कार्ड अचानक परगावी वापरले गेले, तर यंत्र थांबते आणि विचारते.

कोणी म्हणेल की, मोठ्या रकमेवर संशय घ्यावा. शंभर-दोनशे रुपयांच्या जिनसांवर कशाला? याचे कारण चोराच्या स्वभावात आहे. चोरलेल्या कार्डाचा क्रमांक हाती लागला म्हणजे चोर पुष्कळदा आरंभी मोठी रक्कम उचलीत नाही. तो आधी एखादी क्षुल्लक खरेदी करून पाहतो. ती कोणाच्या लक्षात आली नाही, तर खात्याचा धनी झोपला आहे असे समजून मग मोठा हात मारतो. म्हणून दक्ष पहारेकरी लहान हालचालीकडेही लक्ष देतो. मनाच्या राज्यातही हाच नियम आहे. कोणताही दोष पहिल्याच दिवशी मोठ्या रूपाने येत नाही. आरंभी एक लहानसे असत्य, एक लहानशी सवलत, एक क्षणाची चोरटी नजर एवढेच येऊन पाहते की घराचा धनी जागा आहे की नाही. कोणी हटकले नाही, म्हणजे ते घर करते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात बुद्धीचे तीन प्रकार सांगितले आहेत. अशा सूचनेच्या वेळी ते तिन्ही दिसून येतात. तामस बुद्धीचा मनुष्य संदेश वाचीतच नाही. असे संदेश रोजच येतात, असे म्हणून तो मोबाइल बाजूला ठेवतो; त्यामुळे कधी खरोखर चोरी झाली तरी त्याला महिन्याने कळते. राजस बुद्धीचा मनुष्य संदेश वाचताच खवळतो किंवा घाबरतो. आलेल्या क्रमांकावर लगेच ओरडत सुटतो, दिसेल त्या लिंकवर बोट ठेवतो, आणि कार्य काय अकार्य काय याचा निवाडा करण्याआधीच काहीतरी करून मोकळा होतो. सात्त्विक बुद्धीचा मनुष्य प्रथम स्वस्थ बसतो. सकाळपासूनच्या खरेदीच्या पावत्या पाहतो, हिशेब जुळवितो, आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या बँकेच्या क्रमांकावर स्वतः चौकशी करतो. व्यवहार आपलेच असतील तर तसे सांगतो. नसतील तर कार्ड बंद करवितो. त्याला राग येत नाही, कारण तो जाणतो की प्रश्न त्याच्या चारित्र्याला विचारलेला नाही. रात्री गस्त घालणारा शिपाई अंधारात चालणाऱ्या घरमालकालाही कोण आहे म्हणून हटकतो. घरमालकाने त्यावर संतापावे की अशा दक्षतेने समाधान पावावे?

येथपर्यंतचा विचार खऱ्या सूचनेचा झाला. परंतु आजचा मोठा धोका निराळाच आहे. पहारेकरी हाक मारतो हे पाहून चोरही पहारेकऱ्याच्या वेषात हाक मारू लागला आहे.

आपण ज्या जबलपूरचा दृष्टांत घेतला, त्या नगराशी ठगांच्या निर्मूलनाचा इतिहास जोडलेला आहे. हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलातून १८१७-१८ मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढे विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी येथे होता. १८३५ साली ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. त्याने माफीच्या साक्षीदार ठगांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, त्यांच्या वंशावळी तयार केल्या आणि टोळ्यांचा माग काढला. १८३७ साली जबलपुरात एक उद्योगशाळा उघडण्यात आली. तेथे हे साक्षीदार व त्यांच्या घरची माणसे तंबू व गालिचे विणू लागली. आजच्या कटनी जिल्ह्यातील स्लीमनाबाद हे गाव त्याच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. त्याने रंगविलेल्या चित्रात अतिशयोक्ती किती, याविषयी पुढील इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि ठगांच्या रीतीविषयी जे नमूद आहे, ते आज अत्यंत बोधप्रद आहे.

ठग हा शब्दच झाकणे, लपविणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे. दरोडेखोर शस्त्र उगारून येतो. ठग मित्र होऊन येतो. तो वाटसरूंना गाठी, गोड बोले, आणि पुष्कळदा असे सांगे की, पुढचा रस्ता चोरांमुळे धोक्याचा आहे, तेव्हा सर्वांनी मिळून जावे हे बरे. चोराचे भय चोरच दाखवी, आणि रक्षणाची हमीही तोच देई. वाटसरूचा घात रानामुळे किंवा अंधारामुळे होण्यापूर्वी त्याने ठेवलेल्या विश्वासामुळे होई.

आजचा ठग रस्त्यावर उभा राहत नाही, तो दूरध्वनीवर बोलतो. परंतु त्याचे वाक्य तेच आहे. तुमच्या खात्याला धोका आहे, कोणीतरी पैसे काढीत आहे, मी बँकेतून बोलत आहे, तुमचे रक्षण करण्यासाठीच फोन केला आहे, असे तो म्हणतो. हेच वाक्य तो दिवसभरात असंख्य लोकांना ऐकवितो. त्यांपैकी ज्याला नुकतीच बँकेची खरी सूचना आलेली असते, त्याला ते तंतोतंत पटते. आपल्या दृष्टांतातील गृहस्थालाही दुसऱ्या दिवशी असाच फोन येतो. काल तुमचे कार्ड थांबले होते ना, असे समोरचा आदराने विचारतो. गृहस्थाला वाटते, हे याला ठाऊक आहे त्या अर्थी हा बँकेचाच मनुष्य असला पाहिजे. मग तो मनुष्य सांगतो की, कार्ड सुरू करण्यासाठी मोबाइलवर एक क्रमांक येईल, तो ताबडतोब सांगावा. विलंब केल्यास खाते गोठविले जाईल. क्रमांक येतो. त्याच्याखालीच तो कोणालाही सांगू नये असे लिहिलेले असते. गृहस्थ तो वाचून दाखवितात. दोन मिनिटांत, पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली रक्कम खात्यातून निघून जाते.

येथे थांबून विचार करण्यासारखा प्रश्न हा आहे की, हे घडले कसे? त्या गृहस्थांना नियम ठाऊक नव्हता असे नाही. ओटीपी किंवा पिन कोणाला सांगू नये, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते, बँकेच्या भिंतीवर पाहिले होते, आणि स्वतः शेजाऱ्यांनाही सांगितले होते. तो उपदेश त्या क्षणी डोळ्यांसमोर, हातातल्या मोबाइलवर लिहिलेला होता. तरीही उपयोग झाला नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पतनाची जी परंपरा सांगितली आहे, तीत सापडते. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धीचा नाश आणि अखेर सर्वनाश, असा तो क्रम आहे. यातील स्मृतिभ्रंश या पायरीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. स्मृतिभ्रंश म्हणजे ज्ञान नसणे नव्हे. असलेले ज्ञान ऐन वेळी हाताशी नसणे, हा त्याचा अर्थ आहे. मनात भय, लोभ किंवा क्रोध यांचा क्षोभ उठला की मनुष्य स्वतःला ठाऊक असलेलेच विसरतो. ठगाला हे मर्म पक्के ठाऊक असते. तो संगणकाचे कुलूप फोडण्याचा प्रयत्न करीत बसत नाही. तो मनुष्याचे मन ढवळतो, आणि मग मनुष्य स्वतःच किल्ली काढून देतो. कोणाला तो भय दाखवितो, कोणाला बक्षिसाचा लोभ दाखवितो, कोणाला क्रोध आणतो. साधन निराळे, पण प्रयोजन एकच, की स्मृती सुटावी.

म्हणून केवळ नियम पाठ असणे पुरेसे नाही. ज्याचे मन क्षणभर स्थिर राहू शकते, त्याचेच ज्ञान त्याच्या उपयोगी पडते. स्थितप्रज्ञाची लक्षणे ही संन्याशांसाठीच आहेत असे कित्येक गृहस्थ समजतात. परंतु ती लक्षणे अर्जुनाला सांगितली गेली ती युद्धभूमीवर, अत्यंत क्षोभाच्या क्षणी. संपूर्ण स्थितप्रज्ञता जन्मोजन्मीच्या साधनेचे फळ असेल. पण एका श्वासापुरती स्थिरता आज, या घटकेस, प्रत्येक गृहस्थाला साधण्यासारखी आहे, आणि पुष्कळदा तेवढीच पुरे होते. फोन खाली ठेवून एकदा भगवंताचे नाम घ्यावे आणि घरातील एखाद्या माणसाला काय झाले ते मोठ्याने सांगावे. इतका अवधी मिळाला की सुटलेली स्मृती परत येते.

जबलपूरनजीक भेडाघाट येथे नर्मदामाता हेच नित्य दाखवीत असते. धुआंधार येथे तिचे पाणी असे कोसळते की तुषारांचा धूर उठतो आणि त्यात काहीही दिसत नाही. थोडे पुढे गेल्यावर तीच नदी संगमरवरी कड्यांमधून इतकी शांत वाहते की कड्यांचे प्रतिबिंब पाण्यात पाहावे. पाणी तेच, नदी तीच. क्षोभात दिसत नाही, स्थिरतेत दिसते.

आता खऱ्या सूचनेची आणि खोट्या सूचनेची पारख कशी करावी, तेही पाहिले पाहिजे. खरी सूचना घडून गेलेल्या गोष्टीविषयी विचारते की, हे आपण केले काय? तिचे उत्तर होय किंवा नाही एवढेच असते. ती गुप्त क्रमांक मागत नाही, आणि घरच्यांपासून काही लपविण्यास सांगत नाही. खोटी सूचना तीन गोष्टी मागते. ती घाई मागते, गुपित मागते आणि एकांत मागते. आताच करा, क्रमांक सांगा, कोणाला कळू देऊ नका, ही तिची भाषा असते. तथाकथित डिजिटल अटकेच्या प्रकारात तर मनुष्याला तासन्‌तास मोबाइलसमोर एकटे बसवून ठेवतात. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, हे स्वतः पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात देशाला सांगितले होते. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो केवळ देण्यासाठीच लागतो, हेही घरातील प्रत्येकाने पक्के ध्यानात ठेवावे.

ही पारख केवळ बँकेच्या संदेशापुरती नाही. मनुष्याच्या अंतःकरणातही खरी हाक आणि खोटी हाक अशा दोन्ही उठतात. विवेकाची हाक शांत असते, झाल्या गोष्टीविषयी विचारते, आणि उजेडात उभी राहू शकते. वासनेची हाक मात्र घाई करते, आणि कोणी पाहत नाही ना, हे आधी बघते. जे काम चारचौघांत सांगता येत नाही आणि उद्यापर्यंत थांबू शकत नाही, ते प्रायः करण्यासारखे नसते.

यावर कोणी श्रद्धावान शंका घेईल की, अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम भगवान स्वतः वाहतात असे गीतेतच सांगितले आहे. तर मग भक्ताने पिन आणि पासबुकाची एवढी चिंता का वाहावी? शंका योग्य आहे. परंतु त्याच गीतेत भगवान असेही सांगतात की, प्रेमाने भजणाऱ्यांना मी बुद्धियोग देतो. योगक्षेम वाहण्याची भगवंताची एक रीत म्हणजे योग्य वेळी योग्य बुद्धी देणे ही होय. दिलेली बुद्धी बाजूला ठेवून रक्षणाची अपेक्षा करणे ही शरणागती नव्हे, तो आळस होय. शिवाय चिंता आणि दक्षता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चिंता न घडलेल्या गोष्टीने आज मनाला जाळते. दक्षता आजचे काम आज नीट करते आणि फळ भगवंतावर सोपवून निजते.

आता त्या गृहस्थांच्या दृष्टांताकडे वळले पाहिजे. कारण खरी कसोटी पैसे गेल्यानंतरच सुरू होते. पैसे गेले हे कळताच त्यांनी काय केले? काहीच केले नाही. मुलगा काय म्हणेल, सूनबाई काय समजेल, पत्नीला कसे सांगावे, या विचाराने ते दोन दिवस गप्प राहिले. जेवणावरची वासना गेली, रात्री डोळा लागेना. तिसऱ्या दिवशी पत्नीने त्यांचे न जेवलेले ताट पाहून विचारले, तेव्हा ते रडू लागले. या दोन दिवसांत रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात गेली. ठगाने दोन मिनिटांत केलेले नुकसान लज्जेने दोन दिवस वाढविले.

वेळेचे महत्त्व येथे अतिशय आहे. अशा प्रसंगी तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळविले, तर रक्कम पुढच्या खात्यात अडविली जाण्याचा संभव असतो. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसता झालेल्या चोरीची वर्दी कामाच्या तीन दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार नाही, असे तत्त्व घालून दिले होते. ग्राहकाने स्वतः गुप्त क्रमांक दिला असेल, तर वर्दी देईपर्यंतचे नुकसान त्याचेच आणि वर्दीनंतरचे बँकेचे, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे चूक आपली असली तरीदेखील लवकर बोलणे हितकारकच ठरते.

मग घरातील वृद्ध लवकर का बोलत नाहीत? कारण त्यांना चोरापेक्षा घरच्यांच्या बोलण्याचे भय अधिक वाटते. हे वाक्य प्रत्येक तरुण गृहस्थाने आणि गृहिणीने मनात कोरून ठेवावे. ज्या घरात एखादी वस्तू हरवली, दूध उतू गेले किंवा चुकीचे बटण दाबले गेले म्हणून वृद्धांना रोज टोचून बोलले जाते, त्या घरात मोठे संकट आले तर वृद्ध ते लपविणारच. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. हे तप अरण्यात करावे लागत नाही; ते स्वयंपाकघरात आणि ओटीवर करावे लागते. जो मुलगा वडिलांना म्हणतो, ‘‘बाबा, झाले ते झाले. तुम्ही सांगितलेत हे फार बरे केलेत. चला, आधी फोन करू आणि मग बँकेत जाऊ,’’ तो घराचे धनही राखतो आणि पितृसेवेचे पुण्यही जोडतो. ‘‘तुम्हाला किती वेळा सांगितले होते!’’ असे म्हणणारा मुलगा पैसा परत आणू शकत नाही. मात्र पुढच्या वेळी वडिलांचे तोंड बंद करून ठेवतो.

दृष्टांतातील मुलाने पहिले वाक्य उच्चारले. पुढे काही रक्कम परत मिळाली, बरीच मिळाली नाही. पत्नीची शस्त्रक्रिया काही महिने लांबली आणि मुलाने कर्ज काढून ती करविली. सर्व दुःखांचा शेवट गोड होतो असे सांगणे हे सत्य नव्हे. परंतु त्या घरात वडील पुन्हा जेवू लागले, आणि मोबाइलवर काही शंकास्पद आले की ते निःसंकोचपणे सूनबाईंना दाखवू लागले. गमावलेल्या धनापेक्षा हे मोठे धन त्या घराने मिळविले.

शेवटी या विषयातील सर्वांत सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहात राहणाऱ्या परम पुरुषाला उपद्रष्टा, म्हणजे जवळ राहून पाहणारा, असे म्हटले आहे. बँकेचे यंत्र आपल्या पैशाची लहानात लहान हालचाल टिपते, हे ऐकून मनुष्य चकित होतो. परंतु प्रत्येक विचार, प्रत्येक शब्द, कोणालाही न कळलेला प्रत्येक हेतू पाहणारा साक्षी अनादि काळापासून हृदयातच बसलेला आहे. यंत्र चुकते, निर्दोष माणसाला हटकते आणि चोराला सोडते. तो साक्षी चुकत नाही. यंत्राचा संदेश आला म्हणजे मनुष्य सारी कामे टाकून हिशेब पाहतो. मग अंतर्यामीची हाक आली, तेव्हा ती न वाचताच बाजूला का ठेवावी?

यास्तव प्रत्येक गृहस्थाने पुढील गोष्टींचा नियम करावा.

१. रात्री निजण्यापूर्वी दिवसभराच्या व्यवहारांवर एकदा नजर टाकावी, आणि त्याच वेळी दिवसभराच्या वाणीवर व वर्तनावरही नजर टाकावी. दोन्ही हिशेबांत जे आपले नाही ते लगेच ओळखावे.

२. धनाविषयी कोणताही फोन किंवा संदेश आला असता, तो खरा असो वा खोटा, फोन ठेवून नाम घेतल्यावाचून आणि घरातील एका माणसाला सांगितल्यावाचून काहीही करू नये. चौकशी करायची ती स्वतः शोधलेल्या, छापील क्रमांकावरच करावी.

३. खऱ्या पहारेकऱ्याने हटकले तर अपमान मानू नये. व्यवहार आपले असतील तर होय म्हणावे आणि शांतपणे आपल्या कामाला लागावे.

४. घरातील वृद्धांना व मुलांना आजच सांगून ठेवावे की, पैशाच्या बाबतीत कितीही मोठी चूक झाली तरी या घरात कोणी रागावणार नाही. फक्त त्याच क्षणी सांगावे. आणि हे वचन प्रसंग आल्यावर पाळावे.

यांपैकी पहिल्या तीन नियमांनी धन राखले जाते. चौथ्या नियमाने माणसे राखली जातात, आणि धन राखायचे ते माणसांसाठीच होय.